गॅमा किरण जमिनीवर पोचतच नाहीत, मग जमिनीवरच्या दुर्बिणी बघतात काय?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. गॅमा किरण (सगळ्यात जास्त ऊर्जेचा प्रकाश) वातावरणातच अडतात, म्हणून तर २००८ मध्ये फर्मी दुर्बीण अवकाशात सोडली, ती साधारण ३ तासांत अख्खं आकाश बघून घेते. पण तिचा डिटेक्टर जेमतेम चौरस मीटरभर, आणि १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप, म्हणजे लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) वरचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, म्हणाल तर क्रॅब नेब्युलासारख्या (फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष) दणदणीत स्रोताकडूनसुद्धा एवढ्या जागेत वर्षाला पाच-सहाच पडणार. बसा वाट बघत!

मग आयडिया अशी की वातावरणालाच डिटेक्टर करायचं. गॅमा फोटॉन वर हवेला धडकला की कणांचा पाऊस सुरू होतो, ते कण हवेतल्या प्रकाशापेक्षा जोरात पळतात आणि निळसर चेरेन्कोव्ह झगमगाट होतो, फक्त काही नॅनोसेकंद, पण खाली पसरतो शेकडो मीटरवर, त्यात कुठेही दुर्बीण असली तरी काम झालं. अमेरिकेतल्या व्हिपलच्या १० मीटर दुर्बिणीने १९८९ मध्ये असाच क्रॅब पकडला.

खरी डोकेदुखी अवकाशातून येणाऱ्या प्रोटॉनची, त्यांचाही पाऊस पडतो आणि तोही कैक पटींनी जास्त. पण गॅमाची इमेज सडपातळ लंबगोल येते, प्रोटॉनची विस्कटलेली, त्यावरून निवडायचं. म्हणजे तांदळातले खडेच, फक्त इथे खडे जास्त आणि तांदूळ कमी!

अवकाशातल्या आणि जमिनीवरच्या दुर्बिणींचं जोडीने काम तर भारीच. जानेवारी २०१९ मध्ये उपग्रहांनी गॅमा स्फोटाचा (गॅमा किरणांचा अचानक भडका) अलर्ट दिला आणि स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या चेरेन्कोव्ह दुर्बिणी मिनिटभरात तिकडे वळल्या, टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन मिळालेसुद्धा.