कॉइलओव्हर बसवताय? आधी शॉकअपचा दांडा मोजा

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच. तो घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: गाडी किती खाली येईल? तीस मिमी, चाळीस, जमलंच तर पन्नास. दुकानदारही तेच आकडे सांगतो, कारण फोटोत दिसतं ते तेवढंच. चाक खड्ड्यात आपटल्यावर शॉकअपचा दांडा आत जायला जागा किती उरते, हे विचारणारा विरळा. गाडीत बसायला बरं वाटणार की कंबर जाणार, ते या उरलेल्या जागेवर ठरतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडा हिशेब.

उदाहरणाला २०१८ ची स्विफ्ट घेऊ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई), मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकची मांडणी हीच. गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपास, दोन माणसं बसली की साधारण हजार. त्यातले सहाशे पुढच्या दोन चाकांवर धरू, म्हणजे एका चाकावर तीनशे. चाक, ब्रेक, हब यांचं वजन स्प्रिंगवर येत नाही. ते तीसेक किलो वजा केले की २७० उरतात. स्प्रिंगवर ‘४के’ लिहिलेलं असेल तर ती एक मिमी दबायला ४ किलो लागतात. २७० भागिले ४, साडेसदुसष्ट मिमी. तीन मिमी प्रीलोड (रिंग आवळून स्प्रिंगला दिलेला दाब) आधीच दिलेला असेल तर गाडी नुसती उभी असतानाच दांडा साडेचौसष्ट मिमी आत गेलेला असतो. शॉकअपचा एकूण प्रवास ११० मिमी असेल तर उरले साडेपंचेचाळीस, आणि त्यात तीस मिमीचा बंप स्टॉप, म्हणजे दांडा तळाला आपटू न देणारा मऊ ठोकळा. मोकळे किती? जेमतेम पंधरा. एखादं खचलेलं ड्रेनेजचं झाकण ते संपवायला पुरतं, आणि मग बसतो तो दणका थेट बॉडीत.

५के घेतली तर दांडा ५१ मिमीच आत जातो, मोकळे २९ मिळतात. पण फुकट नाही. कंपनीतून आलेली गाडी साधारण सेकंदाला सव्वा ते दीड वेळा वरखाली होते. याच वजनावर ४के ला तो आकडा १.९ आणि ५के ला २.१ च्या पुढे जातो. डोकं हलायला लागतं ते इथे. आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीला पुढे ४के आणि शॉकअपचा प्रवास १३० मिमीच्या वर असलेलं किट शोधा. ७के-८के ट्रॅकवर शोभतात. बंप स्टॉप कापून जागा ‘वाढवणं’ हा तर शुद्ध खुळेपणा, कारण मग दांड्याच्या टोकाचा पिस्टन तळाला आपटतो आणि आतले व्हॉल्व्ह जातात.

किटचे प्रकार दोन, आणि फरक किमतीपलीकडचा आहे. स्वस्त प्रकारात उंची फक्त स्प्रिंगखालच्या रिंगने बदलते. गाडी २५ मिमी खाली आणायची तर रिंग २५ मिमी खाली. पण शॉकअपची लांबी तीच, म्हणजे दांडाही २५ मिमी जास्त आत. वरच्या हिशेबातले पंधरा मोकळे मिमी गेलेच, गाडी कायमची बंप स्टॉपवर बसलेली. शिवाय जॅक लावून चाक लोंबकळलं की स्प्रिंग तेवढीच सैल पडते आणि बैठकीवरून सरकते. ती जागेवर राहावी म्हणून हेल्पर स्प्रिंग देतात. दुसऱ्या प्रकारात खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो. स्प्रिंगला हात न लावता पूर्ण शॉकअप लांब-आखूड होतो, प्रवास जसाच्या तसा राहतो. पैसे इथे घालावेत.

आणि प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा गॅरेजमधला लाडका गैरसमज. ४के ची स्प्रिंग कितीही आवळा, ४के च राहते. रिंग वर गेल्याने गाडी फक्त उंच होते.

खाली किती घ्यायची, याचं उत्तर गतिरोधकाला विचारावं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी. गाडीचं पोट बरोबर माथ्यावर येतं तेव्हा दोन्ही चाकं माथ्यापासून सव्वा मीटरवर असतात, आणि तिथे गतिरोधक माथ्याहून फक्त ४४ मिमी उतरलेला असतो. पोटाला लागणारी जागा तेवढीच. म्हणजे नियमात बांधलेला गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीलाही लागायचं कारण नाही. लागतो तो सोसायटीच्या दारात रात्रीतून ओतलेला डांबराचा ढीग: मीटरभर रुंद, १५ सेंमी उंच. त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं सपाट रस्त्यावर असतात, म्हणून पूर्ण १५० मिमी लागतात. कंपनीच्या १६३ मिमीवर गाडी जेमतेम सुटते, २५ खाली घेतली की १३८ वर अडकते. २५ च्या पुढे जाऊच नये. रोजच्या वाटेवर असे ढीग असतील तर त्याहून कमी.

आता बसवणं. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये ठरलेली हवा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांचं माप घेऊन लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, हवेच्या फरकाने ते माप फसवतं. गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, विशेषतः लिंक रॉडच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या अँटी-रोल बारला स्ट्रटशी जोडणारी दांडी) नटवर. गाडी जॅकवर उचलली की स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. गाडीसोबत येतो तो कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता.

चाक काढलं की ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना आतली गोळीही गरगर फिरते. बोल्टच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, ती धरून नट सोडवा. स्ट्रट हबला धरणारे दोन बोल्ट काढताना नट फिरवा, बोल्ट स्थिर ठेवा, कारण अनेक गाड्यांत बोल्टच्या मानेवर दाते असतात. नट टोकापर्यंत आणून त्यावरच हलके ठोकलं की आटे वाचतात. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रट चिमट्यात धरलेला असतो. तिथे फट उघडणारं खास टूल लागतं, पहार घालू नका. बोल्ट निघताच हब तारेने वर बांधा. तो बाहेर कलंडला तर ब्रेक होजला ताण बसतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सुटतो, मग अर्धा दिवस त्यातच. शेवटी बॉनेटखालचे नट, आणि शेवटचा सोडवताना एका हाताने खालून स्ट्रट धरलेला हवा.

जुन्या स्ट्रटच्या मधल्या मोठ्या नटला मात्र हात लावायचा नाही. दबलेली स्प्रिंग तोच धरून असतो. किटसोबत वरचा माउंट आला नसेल आणि जुना काढून वापरायचा असेल, तर स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी समान आवळून, स्प्रिंग बैठकीवर सैल हलते हे पाहूनच तो नट सोडवा. याच कामात माणसं जखमी होतात. नव्या शॉकअपवर हा नट इम्पॅक्ट गनने लावू नका. दांडा आत गरगर फिरतो आणि सील पहिल्याच दिवशी दुखावतं.

नवा स्ट्रट चढवण्याआधी एक तपासणी बहुतेक जण टाळतात. स्प्रिंग काढून, बंप स्टॉप ठेवून नुसता शॉकअप बसवा. जॅकने हब हळूहळू वर उचलून बंप स्टॉप पूर्ण दाबा, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर आतल्या प्लॅस्टिकला कुठे घासतो, होज ताणतो का, हे इथे दिसतं. घाटात चार माणसांनिशी कळण्यापेक्षा हे बरं.

मग स्प्रिंग बसवून रिंग हाताने टेकेपर्यंत आणा आणि तिथून एक-दीड फेरी. आट्यांची पिच अनेक किटमध्ये २ मिमी असते, म्हणजे एका फेरीला २ मिमी; आपल्या किटची मोजून खात्री करा. डावी-उजवीकडे फेऱ्या सारख्या. खालचा ब्रॅकेट पत्रकात दिलेल्या खुणेच्या पलीकडे बाहेर काढू नका, आट्यांची पकडच कमी पडते. रिंगांना हुक पाना वापरा. छिन्नी-हातोडीने त्यांच्या खाचा चेमटतात.

मागचं काम अर्ध्या वेळात होतं. बीमखाली जॅक धरून शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, बीम सावकाश खाली सोडा, स्प्रिंग हातात येते. उंचीची रिंग असलेली बैठक स्प्रिंगच्या वर की खाली, ते किटच्या चित्रात पाहा. बीम खाली सोडताना ब्रेक पाइप आणि हँडब्रेकच्या केबलवर डोळा ठेवा.

यानंतरची चूक सर्रास दिसते. गाडी हवेत असतानाच लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट आवळलेले असतात. त्यांच्या बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली उतरल्यावर ते कायम पिळलेलं राहतं; गाडी ठरलेल्या उंचीवर बसत नाही आणि काही महिन्यांत रबर फाटतं. नुसत्या उंचीच्या बदलानेही तसाच पीळ बसतो. म्हणून हे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-चारदा दाबून मगच टॉर्क रेंचने आवळा. आकडे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलेच, अंदाजाने नको.

पन्नासेक किलोमीटर चालवा. माउंट आणि बैठका जागेवर बसतात, गाडी काही मिमी उतरते. मग पुन्हा मापं घ्या. डाव्या-उजव्या बाजूत तीन ते पाच मिमीपेक्षा जास्त फरक नको, आणि तो काढताना लिंक रॉड सोडलेले हवेत, नाहीतर अँटी-रोल बार एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला ढकलत राहतो. एका कोपऱ्याची रिंग वर नेली की तिरक्या समोरच्या चाकावरचं वजनही वाढतं, तेव्हा एकाच चाकाच्या मागे लागू नका.

अलाइनमेंट उंची कायम झाल्यावरच, नाहीतर पैसे दोनदा. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) उणे १ ते उणे दीड अंश चालतो, टो (वरून पाहता चाकांचं आत-बाहेर वळणं) शून्याजवळ. टायरची आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला शिव्या घालतात, पण टायर जास्त खातो तो बिघडलेला टो. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्यही नव्याने लावून घ्या, आणि हेडलाइटची उंची.

शॉकअपचा कडकपणा बदलणारा नॉब असेल तर क्लिक मोजताना तो उजवीकडे पूर्ण बंद करा, जोर न लावता, आणि तिथून मागे मोजा. सुरुवात मधोमध. एक नॉब असलेल्या शॉकअपमध्ये बदलतं ते मुख्यतः रिबाउंड, म्हणजे दबलेला दांडा परत बाहेर येतानाचा अडसर. गतिरोधक उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डोलली तर दोन क्लिक कडक करा. उलट, ओळीने येणाऱ्या पट्ट्यांवर गाडी दर पट्टीला थोडी खाली बसत जाऊन दणके वाढत असतील, तर रिबाउंड जास्त झालंय. स्प्रिंगला उलगडायला वेळच मिळत नाही. बरेच जण इथे आणखी कडक करतात आणि प्रकरण चिघळतं. एकावेळी दोन क्लिक, एकच रस्ता, एकच वेग, टायरची हवा तीच.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना ‘टणण्’ वाजलं तर वरचं बेअरिंग अडकतंय आणि स्प्रिंग पिळून सुटतेय. बारीक खड्ड्यांवर खटखट असेल तर आधी लिंक रॉड, मग दांड्याचा नट, मग सैल स्प्रिंग, याच क्रमाने पाहा. पिलोबॉल माउंट (रबराऐवजी धातूची गोळी असलेला) असेल तर थोडा आवाज धरूनच चाला.

कागदाचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता बदल केला तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर ॲल्युमिनियमच्या रिंगा लोखंडी आट्यांवर खाऱ्या हवेत घट्ट जाम होतात. पावसाळ्याआधी आणि नंतर ब्रशने चिखल काढा, आटे जाम होऊ न देणाऱ्या अँटी-सीझ लेपाचा अगदी पातळ हात द्या (जाड ग्रीस नको, त्यात वाळू बसते), रिंग दोन फेऱ्या खाली-वर फिरवून पुन्हा पेंटच्या खुणेवर आणून लॉक करा. खूण करायची राहिली असेल तर आधी उघडे आटे मोजून लिहून ठेवा.