तुम्ही विचारलंत म्हणून : बक्कल नंबर ७१४

नणंदेने विचारलं, भिशीतल्या मैत्रिणींनी विचारलं, आणि मागच्या महिन्यात मुलाच्या एका मित्राने पोहे खाता खाता विचारलं, "काकू, तुमचे वडील पोलिसात होते ना? मग पोलिसांची टवाळी करणारे हे सिनेमे तुम्हाला आवडतात तरी कसे?"

'हे सिनेमे' म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या पोलिसी मालिका उचलून हॉलिवूडने केलेले विनोदी चित्रपट. 'ड्रॅगनेट', 'स्टार्स्की अँड हच', '२१ जंप स्ट्रीट', 'चिप्स' वगैरे. मला त्यांचं वेड आहे आणि मी ते लपवत नाही. एरवी "अहो, गंमत असते" म्हणून मी विषय सोडून देते. त्या दिवशी मात्र उत्तर लांबलं, चहा गार झाला, पोरगा घड्याळ बघायला लागला. तेव्हा आता लिहूनच टाकते.

आमचे अण्णा हवालदार होते, पण चोरांमागे धावणारे नव्हेत. ते ठाण्याचे रायटर. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी, सगळं त्यांच्या अक्षरात. सोलापूरच्या पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांतही त्यांची भाषा तीच. ओट्यावर दूध सांडलेलं दिसलं की आईकडे न बघता म्हणायचे, "सदर दूध अज्ञात इसमाने सांडून जागेवरून पोबारा केल्याचे दिसून येते." चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. हा माणूस विनोद करतोय की खरंच असं बोलतोय, हे आम्हा भावंडांना कित्येक वर्षं कळलं नाही. डायरीत खाडाखोड चालत नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. शब्द चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी समासात सही. माझ्या शाळेच्या वह्यांतही त्यांनी हेच करायला लावलं. बाईंनी विचारलं, "गणिताच्या वहीत तू सह्या कसल्या करतेस?"

लग्नानंतर केबल आलं आणि एका रात्री १९८७चा 'ड्रॅगनेट' लागला. डॅन ॲक्रॉइड सूट घालून, ताठ मानेने, एका दमात, कलमांच्या आकड्यांसकट बोलत होता. शेजारी टॉम हँक्स त्याच्याकडे, आम्ही अण्णांकडे बघायचो तसा बघत होता. मी एकटीच हसत सुटले. ह्यांनी आतून येऊन विचारलं, काय झालं? काय सांगणार? माझा बाप लॉस एंजेलिसला सापडला होता.

मूळ मालिका मी नंतर पाहिली. जुने भाग हल्ली इंटरनेटवर सहज मिळतात. जॅक वेब नावाच्या नटाने ती १९४९ साली आधी रेडिओवर आणली आणि १९५१च्या अखेरीस टीव्हीवर. गोष्टी लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवरून घेतलेल्या. निरपराध माणसांना त्रास नको म्हणून नावं बदलली आहेत, असं सुरुवातीलाच बजावलेलं. मग वेबचा सार्जंट जो फ्रायडे सपाट आवाजात सांगायला लागतो. वार अमुक, हवा अशी, आमची दिवसपाळी, जोडीदार हा, साहेब ते. ही स्टेशन डायरीच झाली! नटांनी फार अभिनय करू नये म्हणून वेब त्यांना संवाद पाठ करू द्यायचा नाही, टेलिप्रॉम्प्टरवरून वाचायला लावायचा. आमच्या रायटरलोकांना हे यंत्राशिवाय जमतं.

फ्रायडेचा बिल्ला क्रमांक ७१४. आपल्याकडे ज्याला बक्कल नंबर म्हणतात, तोच हा. डिसेंबर १९८२मध्ये वेब गेला तेव्हा लॉस एंजेलिस पोलिसांनी तो क्रमांक कायमचा बाजूला काढून ठेवला. वेब कधीच पोलिसात नव्हता. जो माणूस अस्तित्वातच नव्हता त्याचा बक्कल नंबर खात्याने सन्मानाने निवृत्त केला. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांचा नंबर पुढे कुणाला गेला, ते आम्हाला माहीतही नाही. तक्रार नाही ही, आपली आठवण झाली.

आता मूळ प्रश्नाकडे. थट्टा सिनेमावाल्यांनी बाहेरून आणून चिकटवली, असं लोकांना वाटतं. ती मालिकेतच होती. १९६७ साली 'ड्रॅगनेट' रंगीत होऊन परत आली, तेव्हाचा एक भाग आहे. एलएसडी नावाची नशा केलेला एक पोरगा अर्धा चेहरा निळा रंगवून, जमिनीत डोकं खुपसून बसलेला सापडतो. फ्रायडे त्याच्याशी पाकीटमाराशी बोलावं तितक्याच कोरडेपणाने बोलतो. त्या वेळी लोकांनी ते श्वास रोखून पाहिलं असेल. आज तोच भाग लावा, एक शब्द बदलू नका, माणसं गडाबडा लोळतात.

आणि वेबला हे ठाऊक होतं, असा माझा पक्का समज आहे. १९६८मध्ये जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात त्याने एक प्रहसन केलं. घंटांचे तांब्याचे लोलक चोरीला गेलेत, फिर्याद चालू आहे, आणि जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द 'क'नेच सुरू होतो. आपलं 'कच्चा पापड पक्का पापड' समजा, पण गुन्ह्याचं नाव, चोराचं नाव, त्याचं गाव, चोरीची जागा, सगळं त्यातच बसवलेलं. कार्सनसमोर वेब ते सगळं पंचनामा वाचल्यासारखं वाचतो. हसत नाही. एवढंच कशाला, फ्रायडेच्या तोंडी म्हणून जगभर गाजलेलं 'फक्त तेवढी माहिती द्या, बाई' हे वाक्यही मूळ मालिकेत त्या शब्दांत नाही. ते गाजलं १९५३ साली स्टॅन फ्रीबर्ग या विनोदी कलाकाराने काढलेल्या विडंबनाच्या रेकॉर्डमुळे. म्हणजे मालिका टीव्हीवर येऊन दोन वर्षं नाही झाली तोच तिची नक्कल तिच्याहून जास्त लोकांच्या तोंडी बसली.

नकलेवरून आठवलं. आमच्या लाइनीत वर्षातून एकदा बहुरूपी यायचा. खाकी कपडे, शिट्टी, हातात खोटं वॉरंट. दारात उभा राहून "चला, साहेबांनी बोलावलंय, मुंगीच्या लग्नात हत्ती चोरीला गेलाय" अशी काहीतरी अद्वातद्वा फिर्याद लयीत म्हणायचा. पोलीस लाइनीत पोलिसाचं सोंग घेऊन यायचं म्हणजे छाती लागते! सगळी खरी पोलीसमंडळी ओसरीवर येऊन हसायची. अण्णा हसायचे नाहीत. एका वर्षी त्यांनी त्याला जवळ बोलावलं, बाहीवरची फीत उलटी लागली होती ती सरळ लावून दिली, पट्ट्याचं बक्कल मध्यावर आणलं, आणि मग दोन रुपये दिले. "सोंग आणायचं तर नीट आण," एवढंच म्हणाले.

माझी फूटपट्टी तीच. फीत सरळ आहे का?

'ड्रॅगनेट'मध्ये ती सरळ आहे. ॲक्रॉइडने फ्रायडेचा पुतण्या केलाय, नाव तेच, आणि वेबची चाल, मान, श्वास घेण्याच्या जागा असं सगळं घोटून उतरवलंय. साठच्या दशकात फ्रायडेचा जोडीदार झालेला हॅरी मॉर्गन इथे बढती मिळून कॅप्टन होऊन बसलाय. मधला बराच भाग फसलेला आहे, हे मान्य. पळापळी, रणगाडा, बुरखे घातलेली टोळी, शेवटी दोघांनी म्हटलेलं रॅप गाणं, या सगळ्यात ती कोरडी भाषा बुडून जाते. पण ॲक्रॉइड बोलत असतो तोवर सिनेमा जिवंत.

याच्याही वरचा नंबर 'नेकेड गन'चा, १९८८चा. त्याची जन्मकथा उलटी आहे. तो ज्या 'पोलीस स्क्वॉड' या मालिकेवरून निघाला ती मालिकाच मुळी विडंबन होती, पन्नासच्या दशकातल्या 'एम स्क्वॉड'सारख्या मालिकांचं. १९८२मध्ये एबीसी वाहिनीने ती बंद केली, तिचे जेमतेम ६ भाग निघाले. वाहिनीच्या प्रमुखाने कारण दिलं ते असं, की ही मालिका कळायला ती लक्ष देऊन पाहावी लागते! त्यात खाष्टपणा नव्हता, खरंच होतं ते. दर भागात सुरुवातीच्या नावांतच पाहुणा नट मरून जायचा. शेवटी चित्र गोठल्यासारखं दिसायचं, पण चित्र चालूच असायचं. नट नुसते जागच्या जागी थिजून उभे, आणि मागे कॉफी कपातून ओसंडून वाहतेय. चपात्या लाटता लाटता हे दिसणारच नाही.

लेस्ली नील्सन हा त्यातला लेफ्टनंट ड्रेबिन. हा माणूस आधी तीसेक वर्षं गंभीर भूमिका करत होता, आणि इथेही त्याने तेच केलं. विनोद करायचाय हे त्याला कुणी सांगितलंच नाही, असा त्याचा चेहरा. २०२५मध्ये 'नेकेड गन' पुन्हा आला तेव्हा ड्रेबिनच्या मुलाच्या भूमिकेसाठी लियम नीसनला घेतलं, विनोदी नटाला नाही. निवड अचूक.

अण्णांना मी हा जुना 'नेकेड गन' दाखवला होता. इंग्रजी त्यांना 'एफआयआर'पुरतं यायचं. ड्रेबिन गाडी लावतो आणि दर वेळी काहीतरी पाडतो. तिसऱ्यांदा पाडल्यावर अण्णा हसले. आवाज करून हसले. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. ठाण्यातल्या जीपच्या एका ड्रायव्हरची आठवण झाली म्हणाले. ते ऐकून आईसुद्धा हसली, म्हणजे ती आठवण जुनीच असणार.

'स्टार्स्की अँड हच'बद्दल फार नाही सांगत. १९७५ ते ७९ची मालिका, २००४चा सिनेमा, बेन स्टिलर आणि ओवेन विल्सन. मूळ जोडी शेवटी येऊन ती पांढऱ्या पट्ट्याची लाल ग्रॅन टोरिनो नव्या जोडीच्या हवाली करते. जुन्या मालिकेत हच त्या गाडीला 'पट्ट्यांचा टोमॅटो' म्हणायचा. सिनेमा गोड आहे. एकदा पाहावा.

'२१ जंप स्ट्रीट' मात्र डोकेबाज. कोवळ्या चेहऱ्याचे पोलीस विद्यार्थी बनून शाळेत शिरतात, ही मूळ मालिकेची (१९८७ ते ९१) कल्पना. जॉनी डेप त्यातूनच वर आला. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी सत्तरच्या दशकात असे छुपे पोलीस शाळांत खरोखर घातले होते. मालिका गंभीर होती, पोरांना चार चांगल्या गोष्टी सांगणारी. २०१२च्या सिनेमात वरिष्ठ अधिकारी सुरुवातीलाच दोघांना सुनावतो, की आता नवीन काही सुचत नाही, जुनंच उकरून काढायचं आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरून चालायचं. पोलिसी योजनेबद्दल बोलतोय असं भासवून तो सिनेमाबद्दल बोलतोय. तरी मला त्याहून आवडतं ते दप्तर. चॅनिंग टेटम तोऱ्यात सांगतो की दप्तर एकाच खांद्यावर टाकायचं, दोन्ही पट्टे बावळट पोरं लावतात. शाळेत बघतो तर सगळी पोरं दोन्ही पट्टे लावून. सात वर्षांत शाळा बदलली, याच्या डोक्यातली नाही बदलली. जुनी मालिका आज जशीच्या तशी का करता येत नाही, ते या एका दप्तरात आलं. डेपही येऊन जातो, वेषांतर करून, आणि गोळ्या खाऊन मरतो.

'चिप्स'ची फीत उलटी. मूळ मालिका (१९७७ ते ८३) कॅलिफोर्नियाच्या महामार्गावरच्या दोन मोटरसायकलस्वार पोलिसांची. ऊन, चष्मे, एकावर एक चढलेल्या गाड्या, आणि पिस्तूल बाहेर निघणं अगदी विरळा. थट्टा करायला ही एवढी एक गोष्ट पुरली असती. २०१७च्या सिनेमाने गोळ्या, रक्त आणि चावट विनोद भरले. मालिकेशी नातं उरलं ते नावाचं आणि मोटरसायकलींचं. सुरुवातीला पाटी येते, की महामार्ग पोलिसांचा या सिनेमाला पाठिंबा नाही, अजिबात नाही. सगळ्यात चांगला विनोद तोच, आणि तो पहिल्याच मिनिटाला संपतो.

कुणी म्हणतं, आपल्याकडे असे सिनेमे का होत नाहीत? आपल्याकडे ते काम लोकांनीच उरकलं. 'सीआयडी' १९९८ला सुरू झाली तेव्हा आम्ही गंभीरपणे बघायचो. शिवाजी साटम मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'पासून ओळखीचे, घरातलेच वाटायचे. मग 'दया, दरवाजा तोड दो' मोबाइलवरून फिरायला लागलं आणि न काढताच विनोदी सिनेमा तयार झाला. अण्णांची हरकत वेगळीच. दार तुटलं, खुनी सापडला, एका थपडीत कबूल झाला, की ते विचारायचे, "पंचनामा कधी केला यांनी? पंच कुठायत?"

तर, बघवतात कसे, याचं उत्तर हे. ज्याने फीत सरळ लावलीय त्याचं सोंग मी ओसरीवर बसून बघते.

सुरुवात कुठून करू असं विचारलंत तर आधी जुन्या 'ड्रॅगनेट'चे दोन भाग, मग १९८७चा सिनेमा. त्यात कॉनी स्वेल नावाची मुलगी आहे. फ्रायडे तिचा उल्लेख करताना दर वेळी, अगदी दर वेळी, 'कुमारी कॉनी स्वेल' असंच म्हणतो, आणि ते 'कुमारी' लग्नपत्रिकेतल्यासारखं नाही, पुराव्यासारखं. शेवटी एके सकाळी तो गाडीत सांगतो, की काल संध्याकाळ मी कॉनी स्वेलच्या सहवासात शांतपणे घालवली. हँक्स चमकून विचारतो, "कुमारी कॉनी स्वेल म्हणायचंय ना तुला?"

फ्रायडे नुसता बघतो. नोंदीतल्या एका शब्दावर रेघ मारलेली आहे, खालचा शब्द वाचता येतोय. समासात सही तेवढी राहिली.