टेपची एक सुरकुती

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सायकल घालायची म्हणजे बाभळीच्या काट्यांशी सोयरीक आलीच. मागच्या उन्हाळ्यात एकाच रविवारी तीन पंक्चर झाले. तिसरा काढताना ट्यूबवर नवं ठिगळ लावायला जागाच उरली नव्हती. घरी येईपर्यंत ठरलं होतं, ट्यूब बंद.

रिम आणि टायर दोन्हींवर ट्यूबलेस रेडी (म्हणजे ट्यूबशिवाय चालणारं) लिहिलेलं होतं, त्यामुळे रिममधली स्पोकची भोकं झाकणारी टेप, दोन प्रेस्टा (सायकलचे बारीक) व्हॉल्व आणि सीलंटची, म्हणजे आतून भोकं बुजवणाऱ्या पातळ रबरी द्रवाची, बाटली एवढीच खरेदी. रिमची आतली रुंदी २५ मिमी, म्हणून टेप २८ ची. दोन-तीन मिमी जास्त लागते, नाहीतर ती कडेपर्यंत चढत नाही.

आणि इथेच मी माती खाल्ली. रिम स्पिरिटने पुसायची, टेप चांगली ओढून ताणून बसवायची, अंगठ्याने दाबत जायचं, हे सगळं वाचलं होतं. पण बाल्कनीत उकडत होतं, आईची जेवायला हाक सुरू होती, म्हणून एका जागी पडलेली बारीकशी सुरकुती मी "हवा भरली की बसेल" म्हणून सोडून दिली.

टायर चढवला, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि पंप मारायला लागलो. शंभर-दीडशे दट्टे मारूनही टायर ढिम्म. मग व्हॉल्वच्या आतली सुई काढली. सुई नसली की हवा भसाभस आत जाते आणि टायरची कड रिमला चिकटायला तेवढा जोर लागतोच. तरीही माझ्या पंपाला ते जमेना. शेवटी चाक उचलून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांचा कॉम्प्रेसर मोटारीच्या व्हॉल्वचा, त्यामुळे सुई परत बसवून छोटा पितळी ॲडॉप्टर लावला. दोन सेकंदांत फाट्, फाट् असे दोन आवाज झाले आणि टायर चहूबाजूंनी सारखा बसला. काका म्हणाले, "सायकललापण आलं का हे आता!"

घरी येऊन हवा सोडली, सुई काढून सिरिंजने १०० मिली सीलंट घातला, पुन्हा हवा भरली आणि चाक आडवं-उभं धरून हलवलं. सकाळी टायर चपटा! बादलीत बुडवून पाहिलं तर बुडबुडे टायरमधून नव्हे, स्पोकच्या निपलपाशी, म्हणजे स्पोक रिमला जोडणाऱ्या नटापाशी, येत होते. म्हणजे दोष टेपचाच. हवा टेपखालून शिरून रिममध्ये फिरते आणि वाट सापडेल तिथून निघते, म्हणून गळती एकीकडे आणि कारण भलतीकडे. सगळं उतरवलं, चिकट पांढरा राडा पुसला, नवी टेप लावली. दोन दिवस गेले. मागच्या चाकाला, अनुभवी माणसासारखा, एक तास लागला.

त्यानंतरचा पहिला काटा आठवतो. थांबून पाहिलं तर टायरमध्ये काटा, भोवती दुधाळ थेंब. काटा उपटला, फुस्स झालं. ती जागा खाली येईल असं चाक फिरवलं आणि दहा सेकंदांत आवाज बंद. आता दोन्ही चाकांत हवेचा दाब २४ पीएसआय ठेवतो. ट्यूब असताना ३५ च्या खाली जायची हिंमत नव्हती, कारण दगडावर आपटून ट्यूब चिमटली जायची.

पण हे एकदा करून विसरायचं काम नाही. पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये सीलंट लवकर सुकतो, म्हणून दर दोन महिन्यांनी सुई काढून आत केबल टाय बुडवून पाहतो. ओला निघाला तर ठीक, कोरडा निघाला तर ५० मिली आणखी. सुईतही रबर साचतं, तीही खरडावी लागते.

एक जादा ट्यूब मात्र आजही पाठीवर असते. परवा दगडाने टायर बाजूने फाटला, सीलंटला ते झेपेना, म्हणून ट्यूब घालायला टायर उघडला. आत बोट फिरवलं आणि दचकलोच. महिनोन्‌महिने सीलंटने गपचूप बुजवलेले काटे तसेच टोकं काढून बसले होते. चिमट्याने एकेक उपटला, अकरा निघाले. ट्यूब घातली, हवा भरली आणि शंभर मीटरवर बसली. बारावा राहिला होता.