मुंबई-लंडन : अंतर किती धरायचं?

मुंबई ते लंडन किती किलोमीटर, असं विचारलं की 7,200 च्या आसपासचा आकडा मिळतो, आणि तो बरोबरच आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं कमीत कमी अंतर काढलं की साधारण 3,890 नॉटिकल मैल येतात, किलोमीटरसाठी गुणिले 1.852. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो थेट कराचीवरून जातो. पुढे बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, क्रिमिया, पश्चिम युक्रेन.

13 जून 2025 ला सकाळी डिस्पॅचच्या, म्हणजे उड्डाणाची वाट आणि इंधन ठरवणाऱ्या, टेबलावर बसलो तेव्हा यातलं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद. पाकिस्तान आपल्या विमानांना 24 एप्रिलपासून बंद. त्या पहाटे इस्रायलचा हल्ला झाला आणि इराण, इराक, जॉर्डन बंद झाल्याचे नोटॅम, म्हणजे विमानांसाठीच्या अधिकृत सूचना, आले. आदल्याच दिवशी अहमदाबादची दुर्घटना झालेली. कामापलीकडे कुणी बोलत नव्हतं.

उरली दक्षिणेची वाट : मस्कत, रियाध, कैरो, मग भूमध्य समुद्र ओलांडून युरोप. या तुकड्यांची बेरीज सुमारे 7,900 किलोमीटर, म्हणजे 700 जास्त. लोक इथे सरळ 900 ने भागतात आणि पावणेनऊ तास सांगून मोकळे होतात. 900 हा विमानाचा हवेतला वेग. 480 नॉट्सच्या, म्हणजे ताशी 480 नॉटिकल मैलांच्या, विमानाला समोरून सरासरी 40 नॉट्स वारा धरला, तर जमिनीच्या हिशेबाने उरतात 440, ताशी 815 किलोमीटर. वेळ : नऊ तास चाळीस मिनिटं. तोच वारा पाठीशी घेऊन त्याच वाटेने परत या, सव्वाआठ तासांत पोचाल. चढणं-उतरणं आणि धावपट्टीपर्यंतची टॅक्सी यांची मिनिटं वेगळी.

700 किलोमीटर म्हणजे पन्नास मिनिटं. बोइंग 787 सारखं विमान तासाला साधारण पाच टन इंधन पितं, म्हणून चार टनांहून जास्त वाढवायचं. ते वाढवलं की तेच वाहून न्यायला आणखी इंधन लागतं, जास्तीच्या दर टनामागे ताशी तीस-चाळीस किलो. जूनच्या उकाड्यात उड्डाणाच्या वजनाची मर्यादा आधीच आवळलेली असते, मग कार्गो उतरवावा लागतो. कार्गो विभागाला हे दर वेळी नव्याने पटवावं लागतं. दिशा बदलली की वजन बदलतं, एवढं त्यांना एव्हाना माहीत असायला हवं.

मला आजही छळतो तो उंचीचा प्रश्न. सगळ्यांचीच विमानं सौदीच्या आकाशात एकवटली, तेव्हा हवी ती लेव्हल, म्हणजे उडायची उंची, मिळेलच याची खात्री कोण देणार? चार हजार फूट खाली उडावं लागलं तर हवा दाट, इंधन जास्त, आणि कागदावरचा हिशेब कैरोच्या आधीच ढासळतो. मी सौदीचा टप्पा खालच्या लेव्हलवर धरून प्लॅन केला आणि कार्गो उतरवला. वरची लेव्हल मिळाली असती तर तो माल गेला असता. कॉम्प्युटर सगळ्यात स्वस्त वाट देतो. ती मिळेल की नाही, हे त्याला कळत नाही. असा दिवस पुन्हा आला तरी मी खालचीच लेव्हल धरेन.