कोर्ट नाका ते तलावपाळी, व्हाया रंकाळा

दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी, तरी मी सकाळी आठला ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर हजर. अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप वळतात. फरक एवढाच की आता काळा कोट नाही, पिशवीत वही. वकिली सोडून दोन वर्षं फँटसी कादंबरी लिहितेय (सासूबाईंच्या मते मी अजून रजेवर आहे), आणि बाराव्या प्रकरणात गाडी अडकलीये कारण माझं शहरच मला दिसेना. पहिल्या खर्ड्यात बर्फाचे किल्ले होते. मी बर्फ पाहिलाय तो मासळी बाजारात, पापलेटांच्या खाली!

म्हणून मग ही पायपीट.

चहाच्या टपरीवर जुने टायपिस्टकाका भेटले. शाईने जांभळी झालेली बोटं कपाला लावत म्हणाले, "मॅडम, पुस्तक झालं का, का त्यालापण पुढची तारीख पडली?" काय बोलणार.

तिथनं जेलकडे गेले. इतकी वर्षं इथे पक्षकारांच्या जामिनासाठी धावले पण भिंतीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. हा मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी, आणि मग त्याचं जेल झालं. क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना १९१० साली इथेच फाशी दिली. मालक बदलले, दगड तेच. माझ्या मनात आलं, सातबारावर फेरफार होत जातात तसंच की हे. कादंबरीतल्या शहरात आता अशी एक भिंत आहे जी प्रत्येक राजाची साक्ष देते, फक्त उलटतपासणीत गप्प बसते.

पुढे जांभळी नाका, फुलांची गर्दी, कोणाची तरी कोथिंबीर माझ्या चपलेखाली, दोन शिव्या खाल्ल्या. कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन तलावपाळीला कठड्यावर टेकले. मासुंदा तलाव बघितला की मला हमखास रंकाळा आठवतो, माहेर कोल्हापूरचं ना. आजी सांगायची, रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, ज्या दिवशी पाण्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. लहानपणी मी घाबरून रोज जाऊन बघायचे, सरकला का, सरकला का. मोठेपणी वकील झाल्यावर डोक्यात आलं की गहू आणि तांदूळ यातला फरक मोजायचा कोणी? पंचनामा कोण करणार?

आणि इथेच प्रकरण सुटलं की हो! शहर ठाण्याचं, तलाव कोल्हापूरचा, मधे जेलची भिंत. नंदीवर शहराने स्टे आणलाय, तो दर वर्षी वाढवून घ्यावा लागतो, आणि या वर्षी वकील तारखेला पोचलीच नाही. कळव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली.

वहीत एवढं लिहून होईस्तोवर ऊन चढलं. मिसळ खाल्ली, तर्री जास्त झाली, घरी येऊन झोपले.