दिवसाचा 'टे' का झाला नाही?

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हणून सहली, स्नेहसंमेलनं आठवायला बसलो. पण आठवला तो नववी 'ब'मधला माझा शोध, जो दहा मिनिटांत मोडीत निघाला होता.

संस्कृतचा तास. मी उठून म्हणालो, "बाई, इंग्रजीतला डे म्हणजे आपला दिवसच! लॅटिनमध्येसुद्धा दिएस म्हणतात." लॅटिनचं ज्ञान ग्रंथालयातल्या जाडजूड कोशातून उचललेलं. मागच्या बाकांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी खडू घेतला.

"द्वि?"

"टू."

"दश?"

"टेन."

"दंत?"

"टूथ."

जोड्या एकाखाली एक लिहून झाल्यावर त्यांनी खाली 'द्रु – ट्री' जोडलं. "द्रु म्हणजे झाड. आता सांग, आपला द तिकडे काय होतो?"

"ट."

"मग दिवसाचा टे व्हायला हवा होता की! दिएस आपल्या भावकीतला, ते बरोबर. डे मात्र दुसऱ्याच मुळातला. नुसतं तोंड सारखं आहे. पुढच्या वेळी एक शब्द आणू नकोस, रांग आण."

मग स्वारी सास्सेत्तीवर घसरली. हा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोवे, देव–दिओ, सर्प–सेर्पे हे साम्य त्याने पत्रांतून मायदेशी कळवलं होतं. आम्ही सिंधुदुर्गातली पोरं. गोवा म्हणजे काजू आणि मामाचं घर. तिथे बसून कुणी असले उद्योग केले असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

नोकरीने पुढे मला जर्मनीत कासेलला नेलं. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू तिथे बरीच वर्षं राहिले होते. त्यांतल्या थोरल्याने, याकोबने, बाईंच्या फळ्यावरचा तो नियम १८२२ मध्ये पद्धतशीर मांडला. जर्मन तर आणखी एक पायरी पुढे सरकलेली: द्वि, टू, त्स्वाय, दश, टेन, त्सेन. फलाटावर गाड्यांची घोषणा ऐकताना मी मनात जोड्या लावत बसायचो. एकदा गाडी चुकलीही.

पहिल्याच आठवड्यात दुकानात उंदराच्या औषधाचा डबा दिसला. वर कवटी आणि ठळक अक्षरांत 'गिफ्ट'! जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. मूळ अर्थ 'दिलेलं', इंग्रजीसारखाच. ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला 'दोसिस', म्हणजे 'देणं', म्हणत. त्याच्या नकलेने जर्मन 'देणं' औषधाकडे आणि तिथून विषाकडे गेलं. जुना अर्थ 'मिटगिफ्ट'मध्ये उरला आहे. त्याचा अर्थ हुंडा. (यावर आमच्या सौभाग्यवतींनी केलेली टिप्पणी इथे छापता येणार नाही.) आणि त्या दोसिसचाच आपला डोस. त्यात संस्कृतचा 'दा' धातू बसलाय, म्हणजे डोस हा दानाचा चुलतभाऊ.

शेजारच्या टेबलावरचा ग्रीक सहकारी 'ने, ने' म्हणायचा, तेव्हा मी मुकाट्याने फाईल परत न्यायचो. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', हे कळायला महिना गेला.

मग एकदा ट्यूजडेची गोष्ट सापडली. तो टिव नावाच्या जुन्या देवाचा वार. रोमनांच्या मंगळाच्या जागी हा टिव बसवला, म्हणून आपल्या मंगळवारी ट्यूजडे. आणि 'टिव' हा शब्द आपल्या 'देव'चाच भाऊ. द चा ट! डे परका निघाला, पण त्याच्या अलीकडे आपला माणूस उभा होता.

रात्रीच बाईंना फोन लावला. तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, ऐकू कमी येत होतं. सगळं दोनदा सांगावं लागलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"बरं. आणि फ्रायडे?"

"तो फ्रिग देवीचा, बाई."

"ते झालं. पण तो फ आधी काय होता? पितृ–फादर, पाद–फूट, विसरलास?"

मी बोटांवर मोजल्यासारखं पुटपुटलो, "फ चा प... प्रि... प्रिया?"

"बस खाली," बाई म्हणाल्या.