ठेसनाला दिलेली जमीन

मोजणीच्या कामात रेल्वेची जमीन म्हणजे हलकं काम समजतात. भाऊबंदकी नाही, वाटणी नाही, सामाईक विहिरीवरून डोकी फोडाफोडी नाही. दोन समांतर रेषा, मध्ये रूळ, संपलं. त्यामुळे सांगोल्याकडच्या एका गावातल्या बंद स्टेशनची 'हद्द कायम' मोजणी, म्हणजे कागदावरची हद्द जागेवर दाखवण्याचं काम, माझ्या नावावर पडली, तेव्हा सहकाऱ्यांनी मला नशीबवान ठरवून टाकलं. गावाचं नाव सांगत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्याशी नीट वागली आहेत.

मी सरकारी भूकरमापक. लोकांच्या तोंडी 'मोजणीवाले'. आमच्याकडे लोक येतात ते बहुतेक निकाल मनात ठरवूनच. आम्ही फक्त त्यावर शिक्का मारायचा असतो. या वेळी अर्जदार खुद्द रेल्वे होती. गावाला स्टेशनची मोकळी जागा दवाखान्यासाठी हवी होती, आणि द्यायची की नाही हे ठरवण्याआधी आपली जागा नेमकी किती, हे रेल्वेला पाहायचं होतं. मागणी अगदी रास्त.

ही लाईन म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, ही गाडी 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू केली. दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचा हलका रूळ, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, असं सगळं बेताचं. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला. 1954 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. मिरज-पंढरपूर लाईन ब्रॉडगेज झाली ती 2010 च्या आसपास. अडीच फुटी गाडी टेकाडाला वळसा घालून जायची. मोठ्या गाडीला ती वळणं चालत नाहीत. इथलं वळण सरळ केलं, नवा रूळ गावापासून लांबून गेला आणि स्टेशन जागच्या जागी राहिलं. छप्पर गेलंय, तिकिटाच्या खिडकीची दगडी कमान शाबूत आहे, आणि फलाट म्हणाल तर जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. स्टेशनच्या नावाची पाटी एका गोठ्यात आडवी टाकलेली. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची अजून वाचता येते. रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणारं आमचं यंत्र, लावून ताडून बघायचा मोह झाला होता, पण पाटी मूळ जागेवर नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता कागद. रेल्वेसाठी जमीन घेतली की प्रत्येक सर्व्हे नंबरातून किती क्षेत्र कमी झालं याचं कमी-जास्त पत्रक होतं. आम्ही त्याला कजाप म्हणतो. त्यावरून नकाशात रेल्वेचा पट्टा उमटतो. एरवी हा पट्टा तीन साखळ्या रुंद, आणि स्टेशन आलं की फुगतो, अजगराने शेळी गिळल्यासारखा. आमच्या साखळीविषयी थोडं सांगतो, कारण मला तिचा अभिमान आहे. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे बरोबर एक गुंठा, 1089 चौरस फूट. गुणाकार केला की थेट गुंठे, 40 ने भागले की एकर. ज्याने हे बसवलं त्याला शेतकऱ्याचा हिशेब कळत होता.

इथला फुगवटा चार साखळ्या रुंद, वीस साखळ्या लांब. ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर. आणि तो होता रुळाच्या उत्तरेला. स्टेशनची इमारत दक्षिणेला.

कार्यालयात नकाशा पसरला तेव्हाच हे दिसलं, आणि दोन सहकाऱ्यांनी दोन सल्ले दिले. एक म्हणाला, नकाशा उलटा चिकटवला असेल, गटवारीच्या वेळी असे घोळ ढिगाने झालेत. ते खरं आहे. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा काही गावांत शेजारी शेजाऱ्याच्या जागी गेला. दुसरा म्हणाला, जागेवर बांध आहेत ना, तेच धर आणि नकाशा दे. हा दुसरा सल्ला आमच्या धंद्यातली कीड आहे. वहिवाटीचा बांध धरून हद्द दाखवायची तर मोजणीदार कशाला हवा? दोरी घेऊन कुणीही जाईल. त्या गावात आधीची एक मोजणी अशीच झालेली सापडली. लगतच्या गटाचा नकाशा आणि बांध इतके तंतोतंत जुळत होते की मला तेव्हाच संशय आला. खरी जमीन कागदाशी इतकी कधी जुळत नाही.

मोजणी ठेवली मे महिन्यात, रानं रिकामी असताना. लगतधारकांना नोटिसा गेल्या होत्या. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त जमली, कारण दवाखान्याचं सगळ्या गावाला पडलं होतं. रेल्वेकडून आलेला माणूस भला होता. उन्हात शेवटपर्यंत थांबला, फक्त त्याच्याजवळचा नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिच्यावर उत्तर दिशेचा बाण तेवढा स्पष्ट.

हल्ली मोजणी रोव्हरने होते. काठी टेकवली की सेंटिमीटरपर्यंत जागा कळते. नवी पोरं त्यावर खूश असतात. पण सेंटिमीटर कशापासून, हा प्रश्न रोव्हर सोडवत नाही. जुन्या टिपणातला, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी अंतरं लिहून ठेवलेल्या कागदातला, एखादा तरी दगड जमिनीत सापडल्याशिवाय तो कागद आणि ही जमीन यांची गाठ पडत नाही. मी गट बाजूला ठेवून मूळ सर्व्हे नंबरांची टिपणं काढली होती. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड सापडला, तो उघड्यावरच होता, शेंदूर फासलेला. देव झालेला दगड कोणी हलवत नाही, आमचं नशीब. दुसरा सापडायला सकाळ गेली. टिपणाप्रमाणे दोघांत अंतर हवं 41 साखळ्या 6 आणे, म्हणजे 416 मीटर आणि वर थोडं. त्या जागी बाभळीचं खोड होतं. पोरांनी खोडाच्या बुडाशी खणलं, दोन हात खाली टाकीचा दगड लागला, माथ्यावर फुलीची खूण. रोव्हर टेकवला. 416.4. पाऊण फुटाचा फरक. ज्याने ती साखळी चालवली तो माणूस उन्हात, काट्याकुट्यातून, लोखंडी कड्या ओढत गेला होता, आणि फरक पाऊण फुटाचा. मी तिथे जरा वेळ बसलोच.

म्हणजे नकाशा उलटा नव्हता. फुगवटा उत्तरेलाच होता, आणि तिथे वरच्या अंगाच्या तात्यांचं डाळिंब होतं.

गर्दीत लगेच दोन तट पडले. काही जण म्हणू लागले, पूर्वी स्टेशन तिकडंच असेल, मग हलवलं असेल. याचं उत्तर कागदात नव्हतं, मातीत होतं. कोळशाचं इंजिन जिथे थांबतं तिथे राख पडते, जळून गोळा झालेले काळे खडे पडतात, खडी सांडते. डाळिंबाच्या ओळींत दोन-तीन ठिकाणी मी खड्डे घ्यायला सांगितलं. तांबूस मुरमाड माती, खाली निव्वळ मुरूम. दक्षिणेला इमारतीपासून दहा पावलांवर टिकाव मारला तर काळी भुकटीच वर आली. कंपाउंडला रुळाचे तुकडे उभे गाडलेले, तेही फक्त दक्षिणेलाच. उत्तरेला स्टेशन कधी नव्हतंच. जमीन उत्तरेची घेतली, स्टेशन दक्षिणेला बांधलं.

कारण दक्षिणेला गाव आहे. एवढं साधं. उत्तरेला बांधलं असतं तर वारीला निघालेल्या म्हाताऱ्यांना रूळ ओलांडून जावं लागलं असतं. कोणीतरी शहाणपणाने बाजू बदलली, आणि ते शहाणपण कुठल्याच कागदावर चढलं नाही.

इमारत, क्वार्टर, विहीर आणि यायचा रस्ता मिळून दक्षिणेकडे एक एकर चार गुंठे भरले. ते सगळे खालच्या अंगाच्या आबांच्या सातबाऱ्यात. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणूनसुद्धा वजा नाहीत. म्हणजे 1927 च्या आसपासपासून हे घर स्टेशनखालच्या जमिनीचा शेतसारा भरत आलं, आणि पलीकडचं घर रेल्वेच्या दोन एकरांत बिनसाऱ्याने पीक घेत आलं. दोघांची भांडणं? एकही नाही. लेकी दिल्याघेतल्या आहेत.

आबा ऐंशीच्या पुढचे. जबाब घ्यायला मी फलाटाच्या कडेलाच बसलो.

"आबा, ही जागा तुमची आहे हे माहीत होतं का?"

"व्हय की."

"मग इतकी वर्षं कोणी काही बोललं नाही?"

"काय बोलायचं? आमच्या आज्यानं दिली."

"कोणाला दिली? कंपनीला?"

"कंपनीला कशापायी? ठेसनाला दिली." मग जरा थांबून, "ठेसन हाय तवर."

मी लिहायचा थांबलो. बक्षीसपत्र नाही, भाडेपट्टा नाही, एक ओळ नाही. तोंडी दिलेली जमीन, ती माणसाला नाही, संस्थेला नाही, गाडी थांबते या गोष्टीला. आणि मुदत, गाडी थांबते तोवर. माझ्या नमुन्यात यासाठी रकाना नाही. मालक, कब्जेदार, कूळ, इतर हक्क. ठेसन कशात बसवू?

तेवढ्यात प्रत्येक मोजणीत असतो तसा एक कायदेपंडित पुढे सरला. बारा वर्षं कब्जा असला की जमीन आपली, असं त्याने तात्यांना आणि रेल्वेवाल्याला एकाच दमात सांगितलं. म्हटलं, खासगी जमिनीला बारा, सरकारीला तीस, आणि ते सांगायला दिवाणी कोर्ट आहे. शिवाय खुशीने बसू दिलेल्याचा कब्जा विरोधी धरत नाहीत. हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं वरिष्ठांचं म्हणणं पडलं. मोजणीदाराने हद्द दाखवावी, हक्कावर बोलू नये. नियम बरोबर आहे. पण गावात हक्काशिवाय दुसरं कुणी काही विचारत नाही, हेही त्यांनी एकदा येऊन बघावं.

क प्रत, म्हणजे अर्जदाराला द्यायचा मोजणी नकाशा, मी नियमाप्रमाणेच केली. अभिलेखाची हद्द अखंड रेषेने, वहिवाट तुटक रेषेने. उत्तरेच्या दोन एकरांभोवती अखंड, दक्षिणेच्या स्टेशनभोवती तुटक. म्हणजे कागदावर स्टेशन हेच अतिक्रमण दिसतं. वरिष्ठांना ते खटकलं. त्याहून जास्त खटकला आबांचा जबाब. "'ठेसन हाय तवर' याचा हद्दीशी काय संबंध? काढून टाका." मी काढला नाही. जबाब ज्याचा त्याचा असतो. त्यावर आबांचा अंगठा आहे, माझा नाही. शेरा तेवढा त्यांच्या मनासारखा आखडता घेतला.

दवाखाना मात्र अडला. रेल्वे जी जागा देऊ शकते तिथे तात्यांची बाग आहे, आणि गावाला जी हवी ती रेल्वेची नाही. आबांचा नातू पुण्यात नोकरीला असतो. त्याने फोन करून विचारलं, इतक्या वर्षांचं भाडं मागता येईल का? मी म्हटलं, आधी आजोबांना विचारा. त्यांना विचारलं तर ते शिव्या देतील, म्हणाला. तात्यांनी माझ्या मोजणीवर हरकत घेऊन निमताना मोजणी मागितली आहे. म्हणजे वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजेल. मागावी, त्यांचा हक्कच आहे. बाभळीखालचा दगड मी पंचनाम्यात अंतरासकट नोंदवलाय, त्यांनाही तो सापडेल.

डोक्यातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. भूसंपादन झालं म्हणजे निवाडा झाला असणार, आणि निवाडा झाला म्हणजे मोबदला वाटला असणार. माझं काम नसताना मी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून तो काढवला. कागद हाताळताना कडा तुटत होत्या. यादीत आबांच्या घराचं नाव नाही. असायचं कारणच नाही, त्यांची जमीन घेतलीच नव्हती. तात्यांच्या आजोबांचं नाव आहे, पुढे रक्कम, आणि पोच म्हणून अंगठा.

पैसे एका घराला मिळाले, जमीन दुसऱ्याची गेली, आणि दोन्ही म्हाताऱ्यांना हे माहीत असणार. रोज त्याच फलाटावर बसत होते ते. आपसात काही ठरलं होतं का? दोन एकरांच्या पिकातलं काही खालच्या अंगाला जात होतं का? आबांना विचारलं तर हसले आणि चहा सांगितला. मी पक्षकाराचा चहा घेत नाही, त्या दिवशी घेतला. मोजणी होऊन गेली होती.

तात्यांना निवाड्याची नक्कल दाखवली. त्यांनी चष्मा लावून अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आज्यानं घेतले असतील," म्हणाले. "मी कुठं घेतले?"

निमतान्याची तारीख अजून लागायची आहे.